मत असणे आणि मत देणे

मराठीत 'मत' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एखाद्या विषयासंबंधी आपला जो विचार बनलेला असतो त्यालाही आपण मत म्हणतो, आणि निवडणुकीच्या दिवशी पूर्वी पेटीत जी चिठ्ठी टाकीत असू व आता यंत्राचे बटन दाबून जी नोंद करतो, तिलाही मतच म्हणतो. इंग्रजीने या दोन गोष्टींसाठी दोन निरनिराळे शब्द ठेवले आहेत. आपल्या भाषेने केलेली ही काटकसर मला मोठी अर्थपूर्ण वाटते. शब्द एकच असल्यामुळे या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून असाव्यात अशी अपेक्षा भाषाच निर्माण करते. व्यवहारात मात्र त्यांची फारकत झालेली पुष्कळदा आढळते. कोणाला मत असते, पण तो ते देत नाही. कोणी मत देतो, पण त्याला मत नसते. आणि आणखी एक तिसरा प्रकार आहे, ज्याविषयी आज मला प्रामुख्याने बोलावयाचे आहे. तो असा की, मत एका गावासंबंधी असते आणि द्यावयाचे असते दुसऱ्याच गावी.

हा तिसरा प्रकार महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. मी राहतो त्या रायपूर शहरातील चौबे कॉलोनीचेच उदाहरण घेऊ. येथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळाची स्थापना १९३५ सालची. गणेशोत्सव, व्याख्याने, नाटके अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे एकत्र येतात, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलण्यापूर्वी जो अर्धा तास जातो, त्यात राजकारणाची चर्चा झाल्याविना राहत नाही. ही चर्चा ऐकण्यासारखी असते. २०२२ साली शिवसेनेत फूट पडली ती कशी, २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये पडली ती का, मुंबईत कोण कोणाला भेटला आणि त्याचा अर्थ काय, यांविषयी प्रत्येकाचे निश्चित मत असते आणि ते पुराव्यासह मांडले जाते. नागपूरचे वर्तमानपत्र आणि मराठी दूरदर्शन वाहिन्या यांनी ही सामग्री भरपूर पुरविलेली असते. पण त्याच मंडळींना विचारावे की, आपला वॉर्ड कोणता, रायपूर महानगरपालिकेच्या सत्तर वॉर्डांपैकी आपल्या वॉर्डाचा पार्षद कोण, गेल्या विधानसभा निवडणुकीत आपल्या मतदारसंघात कोण कोण उभे होते, तर उत्तर येण्यास वेळ लागतो. नगरसेवकाला आम्ही येथे पार्षद म्हणतो. हा शब्द आमच्या तोंडी बसला आहे. त्या शब्दामागचा मनुष्य मात्र पुष्कळांना अनोळखी असतो.

याचा दोष केवळ आळसाला देऊन चालणार नाही. या परिस्थितीस इतिहास आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढात आली आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून सुमारे तीस वर्षे कारभार केला. तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रांतात येत राहिली. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, शाळा, वकिली आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी आली. त्या काळी रायपूर मध्यप्रांतात होते आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्लांनी मुख्यमंत्री म्हणून कारभार पाहिला तो नागपुरातून. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान होते. रायपूरचा मराठी माणूस नागपूरच्या राजकारणावर बोलत असे तेव्हा तो आपल्याच प्रांताविषयी बोलत असे. त्याचे मत आणि त्याचे मतदान यांत अंतर नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्या दिवसापासून आमचे वर्तमानपत्र नागपुराहून येत राहिले, पण कायदा भोपाळहून येऊ लागला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. ज्या घराने आपली जागा एक हातभरही सोडली नाही, त्या घराने अर्ध्या शतकात तीन राज्ये पाहिली. राज्य बदलले त्याबरोबर मतदार यादी बदलली. मनातली यादी मात्र पुष्कळांच्या बाबतीत १९५६ पूर्वीचीच राहिली.

पण श्रोतेहो, याच शहराच्या इतिहासात दुसरे एक उदाहरण आहे, आणि ते आपण विसरता कामा नये. १९०० सालच्या जानेवारीत पेंड्रा या लहानशा गावाहून 'छत्तीसगढ़ मित्र' नावाचे हिंदी मासिक निघाले. छत्तीसगढाच्या पत्रसृष्टीचा आरंभ तेथून मानला जातो. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, व मालक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. सप्रे यांनी पुढे टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले, आणि १९२६ साली त्यांचे देहावसान झाले ते रायपुरातच. लाखे यांनी या भागात सहकारी चळवळ रुजविली व राष्ट्रीय आंदोलनात भाग घेतला. शहरातील एक वस्ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. या मंडळींनी टिळकांचे विचार पुण्याहून घेतले, पण ते मांडले येथील लोकांच्या भाषेत व येथील लोकांच्या प्रश्नांवर. मराठीवरील त्यांचे प्रेम उणे होते असे कोण म्हणेल? जेथे आपला संसार आहे तेथील सार्वजनिक जीवनात आपला वाटा आहे, एवढेच त्यांनी मनोमन मानले होते.

जी गोष्ट त्यांनी वृत्तीने केली, तीच आज आपला कायदा सांगतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदार यादीत नाव येण्यासाठी मनुष्य त्या मतदारसंघाचा 'सामान्यतः रहिवासी' असावा लागतो. तो कायदा आणखी असेही सांगतो की, एखाद्या ठिकाणी केवळ आपल्या मालकीचे घर आहे एवढ्यावरून मनुष्य तेथला रहिवासी ठरत नाही. विचार केला तर हे तत्त्व फार खोल आहे. घर कोठे आहे, शेत कोठे आहे, कुलदैवत कोठे आहे, हे राज्यसंस्था विचारीत नाही. आपण रात्री कोठे झोपतो आणि सकाळी कोणत्या नळाचे पाणी पितो, एवढेच ती विचारते. आम्ही खारून नदीचे पाणी पितो. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांची काळी धूळ आमच्या गच्चीवर बसते. मुंबईत कोणतेही मंत्रिमंडळ आले तरी ती धूळ कमी होणार नाही.

आता सामान्य माणूस राजकारणाविषयी काय बोलतो, याकडे वळू. या बाबतीत चौबे कॉलोनी आणि लंडन यांत फारसे अंतर नाही, असे मला वाटते. ब्रिटनचे नाव येथे घेण्याचे कारण असे की, ज्या पद्धतीने आपण आमदार, खासदार निवडतो ती पद्धत आपण ब्रिटनकडूनच घेतली. एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी, आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी. त्या देशात १९३७ साली काही तरुणांनी 'मास ऑब्झर्व्हेशन' या नावाने एक विलक्षण उद्योग आरंभिला. सामान्य माणसाला काय वाटते हे वर्तमानपत्रे आणि पुढारी आपापल्या सोयीने सांगत असतात, तेव्हा ते खुद्द त्याच्याकडूनच समजून घ्यावे, असा त्यांचा विचार होता. शेकडो सामान्य स्त्रीपुरुष त्यांच्यासाठी आपली दैनंदिनी लिहून पाठवीत. बोल्टन या गिरणगावात त्यांचे निरीक्षक मद्यगृहात, बाजारात, सभेत बसून लोकांचे बोलणे टिपून घेत. त्याच वर्षी तेथे गॅलप यांच्या पद्धतीने लोकमताची चाचणीही सुरू झाली. थोडक्यात, ओट्यावरच्या गप्पांना त्या देशाने अभ्यासाचा विषय केले.

त्या गप्पांचे मोल १९४५ साली दिसून आले. महायुद्ध जिंकून देणारा चर्चिल निवडणूक हरेल असे जाणत्यांपैकी फार थोड्यांना वाटत होते. गॅलपच्या चाचणीत मजूर पक्ष पुढे असल्याचे प्रसिद्ध झाले होते, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? मतदान ५ जुलैला झाले, आणि दूरदूरच्या आघाड्यांवरील सैनिकांची मते यावयाची असल्याने निकाल २६ जुलैला लागला. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. सामान्य मतदाराच्या मनात त्या वेळी सर्वांत मोठा प्रश्न कोणता होता? राहत्या घरांचा. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या शहरांत डोक्यावर छप्पर कोण देईल, एवढे त्याला पाहावयाचे होते. त्याने घरासाठी मत दिले, आणि त्या मतातून जी पार्लमेंट निर्माण झाली तिनेच १९४७ साली भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा संमत केला, व १९४८ साली तिच्याच कारकिर्दीत त्या देशाची सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली. दारापुढच्या प्रश्नावर प्रामाणिकपणे दिलेले मत किती दूरवर जाऊन पोहोचते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा गप्पांत जी मते नेहमी ऐकू येतात त्यांपैकी तीन निवडून घेऊ. ती तिकडेही ऐकू येतात आणि इकडेही.

पहिले मत असे: सगळे पक्ष सारखेच. हे वाक्य उच्चारले की बोलणारा शहाणा ठरतो आणि त्याच्यावर कोणतीच जबाबदारी राहत नाही. पक्षांत साम्य पुष्कळ असते, हे मान्य करू. पण सारखेच असते तर सत्ता बदलल्यावर काहीच बदलले नसते. रायपूरच्या शास्त्री चौकात पादचाऱ्यांसाठी उंच पूल बांधण्याचे काम सुरू झाले होते. २०१८ साली सत्ता बदलली आणि ते काम थांबले. वर्षानुवर्षे लोखंडी सांगाडा रस्त्यावर तसाच उभा राहिला. २०२३ साली सत्ता पुन्हा बदलली आणि तो पूर्ण करण्याचे ठरले. पूल हवा होता की नको, हे मी सांगणार नाही, आणि ते सांगण्याचे हे स्थळही नव्हे. पण त्या सांगाड्याखालून रोज जाणाऱ्या माणसाने सगळे पक्ष सारखेच असे म्हणू नये, एवढे तरी मान्य व्हावे. महापौराच्या निवडणुकीचेही तसेच. २०१९ च्या पालिका निवडणुकीनंतर आमचा महापौर पार्षदांनी निवडला, आणि २०२५ साली तो अधिकार पुन्हा थेट मतदारांच्या हाती आला. हा बदल आकाशातून पडला नाही. कोणी तरी निवडून आल्यामुळेच तो झाला.

दुसरे मत: माझ्या एका मताने काय होणार? महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस त्यात भर घालतो की, आम्ही येथे मूठभर, आम्हाला कोण विचारतो? २०२३ च्या छत्तीसगढ विधानसभा निवडणुकीत कांकेरचा निकाल अवघ्या १६ मतांनी लागला. अंबिकापूर येथे तत्कालीन उपमुख्यमंत्री ९४ मतांनी पराभूत झाले. सोळा माणसे म्हणजे किती? मंडळाच्या एका कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगांत याहून अधिक बसतात. इंग्लंडात विंचेस्टर येथे १९९७ साली केवळ दोन मतांच्या फरकाने निकाल लागला. प्रकरण न्यायालयात गेले, निवडणूक रद्द झाली, आणि पुन्हा मतदान झाले तेव्हा तोच उमेदवार २१,५५६ मतांनी निवडून आला. पहिल्या खेपेस जे मतदार घरी बसले, त्यांतल्या कोणाही तिघांना निकाल फिरविता आला असता.

आणि तरीही आम्ही शहरवासी घरी बसतो. २०२३ साली छत्तीसगढात सुमारे ७६ टक्के मतदान झाले. जंगलातून पायी चालत येणाऱ्या मतदारांनी रांगा लावल्या. राजधानीतील शहरी मतदारसंघ मात्र राज्याच्या सरासरीच्या पुष्कळ मागे राहिले. ब्रिटनमध्येही २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत दहांपैकी चार मतदार मतदानास गेले नाहीत. ज्याचे घर मतदान केंद्रापासून पाच मिनिटांवर असते त्यालाच ते दूर वाटावे, हे शहरी जीवनाचे एक कोडेच म्हणावयाचे.

तिसरे मत थोडे अधिक विचारपूर्वक बनलेले असते: आपले मत वाया जाते. यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००३ साली छत्तीसगढाची पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रात ज्याची मुळे आहेत त्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाला येथे सुमारे सात टक्के मते पडली आणि नव्वदांपैकी जागा मिळाली एक. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाने एकतृतीयांश मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. त्याच निवडणुकीत रिफॉर्म पक्षास १४ टक्के मतांवर पाच जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षास १२ टक्के मतांवर ७२ मिळाल्या. कमी मते आणि चौदा पटींहून अधिक जागा! कारण उघड आहे. एकाची मते देशभर पातळ पसरली होती आणि दुसऱ्याची ठरावीक मतदारसंघांत दाट होती. ही पद्धत मतांची केवळ संख्या मोजत नाही, ती कोठे पडली हेही पाहते. तेथे २०११ साली ही पद्धत बदलावी का, असा प्रश्न जनतेपुढे ठेवण्यात आला. मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोकांनी बदल नाकारला.

त्यांनी तो का नाकारला, याची कारणे अनेक सांगतात. पण या पद्धतीची जी एक बाजू आपल्या विषयाशी निगडित आहे ती अशी की, तीत प्रत्येक गावाला आपला असा एक मनुष्य मिळतो. ब्रिटिश खासदार आठवड्यातून एखादा दिवस आपल्या मतदारसंघात बसतो व लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. या बैठकीला तेथे 'सर्जरी' म्हणतात. डॉक्टरांच्या दवाखान्याला तेथे जो शब्द आहे तोच. कोणाच्या घराला ओल आलेली असते, कोणाचे निवृत्तिवेतन अडलेले असते. मत देताना तो रोगी कोणत्या पक्षाचा होता, हे विचारण्याची पद्धत नाही. आमचा पार्षद आणि आमदार यांचे दारही याच कामासाठी आहे. ज्याला आपण मत दिले नाही तोही निवडून आल्यावर आपलाच प्रतिनिधी असतो, आणि त्याच्याकडे जाण्याचा आपला हक्क पराभूत उमेदवाराबरोबर बुडत नाही. या अर्थाने कोणतेही मत वाया जात नाही. मत देऊन पुन्हा पाच वर्षे गप्प बसणाऱ्याचे मात्र वाया जाते.

आणि ज्याला एकही उमेदवार पसंत नसेल त्याचे काय? २०१३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि त्याच वर्षी ज्या पाच राज्यांच्या निवडणुकांत 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटन प्रथम आले, त्यांत छत्तीसगढ होते. येथील सुमारे तीन टक्के मतदारांनी ते दाबले. त्या निवडणुकीत पहिल्या आणि दुसऱ्या पक्षाच्या एकूण मतांतील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे नापसंती दर्शविणारे हे लोक, त्यांनी मनात आणले असते तर, राज्याचे चित्र पालटू शकले असते. त्यांनी पसंती द्यावयास हवी होती असे मी म्हणत नाही. रांगेत उभे राहून, बोटाला शाई लावून घेऊन नापसंती नोंदविणे आणि घरी आरामखुर्चीत बसून नापसंती बोलून दाखविणे यांत मोठे अंतर आहे. पहिली मोजली जाते, दुसरी हवेत विरते.

आता एक शंका कोणी घेईल. इतके सारे ठीक, पण मराठी माणसाने महाराष्ट्राच्या राजकारणावर बोलूच नये की काय? खुशाल बोलावे. माहेरची चौकशी करणे हा कोणाही सासुरवाशिणीचा हक्क आहे. पण सासरच्या चुलीवर काय शिजते आहे हे तिला ठाऊक असावे लागते. ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनाही हाच प्रश्न भेटतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. म्हणजे आमच्या मंडळाहून ते तीन वर्षांनी वडील. त्या देशाचा कायदा असा आहे की, तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येते. त्यामुळे भारतीय पारपत्र खिशात असलेला रायपूरचा किंवा साताऱ्याचा एखादा तरुण अभियंता तेथे राहावयास गेला की, नाव नोंदवून ब्रिटनचा खासदार निवडू शकतो. उलट, परदेशी राहणाऱ्या त्याच भारतीय नागरिकाला भारतात मत द्यावयाचे झाल्यास, आजच्या नियमाप्रमाणे स्वतः येऊन मतदान केंद्रावर उभे राहावे लागते. कायद्याचा रोख दोन्हीकडे एकच आहे: जेथे राहतोस तेथील हो. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये गेले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने. त्यांना निवडून देणारे मतदार त्याच वस्तीत राहणारे लोक होते. भारताची बाजू त्यांनी तेथे मांडली, परंतु प्रतिनिधी म्हणून ते फिन्सबरीचेच होते.

येथे माझ्यासारख्या सरकारी नोकराची थोडी विशेष स्थिती आहे, ती सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाही. केंद्र सरकारच्या १९६४ च्या सेवावर्तन नियमांनुसार कर्मचाऱ्याला मत देता येते, पण आपण कोणाला देणार किंवा कोणाला दिले याची सूचनाही करता येत नाही. राज्यांच्या नियमांचा रोखही तोच. म्हणजे आम्हाला मत द्यावयाचे असते, सांगावयाचे नसते. पुष्कळांना हे बंधन जाचक वाटते. मला त्यात एक शिस्त दिसते. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड असे. मतदार सर्वांसमक्ष उभा राहून उमेदवाराचे नाव उच्चारी, आणि ज्याच्या जमिनीत तो राहत असे तो जमीनदार ते ऐकत असे. गुप्त मतदानाचा कायदा झाला तेव्हा कुठे मत हे खरोखर मतदाराच्या मालकीचे झाले. जे मत कोणाला सांगून टाळ्या मिळवावयाच्या नाहीत, त्याचा विचार मनुष्य अधिक गंभीरपणे करतो. चर्चेत आपण पुष्कळदा जिंकण्यासाठी बोलतो. पडद्याआड उभे राहिल्यावर जिंकण्यासारखे समोर कोणी नसते.

मतदान केंद्रावर काम केलेल्या कोणाही कर्मचाऱ्याला तेथील सकाळ परिचयाची आहे. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर निदान पन्नास मते नोंदवून चाचणी घेतात, ती मोजून दाखवितात आणि यंत्र पुन्हा कोरे करतात. मग रांग पुढे सरकू लागते. डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची रेघ ओढली जाते. तीत भांडी घासणारी बाई आणि तिची मालकीण यांच्या बोटांवर एकाच बाटलीतली शाई असते. या साधेपणापर्यंत पोहोचण्यास देशाला बराच खटाटोप करावा लागला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या तेव्हा लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढेच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत.  निर्णय कठोर होता. परंतु पुढच्या निवडणुकांत त्याच स्त्रिया आपल्या नावाने यादीत आल्या. मत असण्यासाठी आधी नाव असावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

आज आमच्या वस्तीत तो धडा वेगळ्या रीतीने उपयोगी पडतो. मुले पुण्यास, बंगळूरला नोकरी करतात आणि त्यांची नावे रायपूरच्या यादीत असतात. मतदानाच्या दिवशी ती येथे नसतात, आणि तेथे त्यांना मत नसते. बदलून आलेल्या कुटुंबांची नावे जुन्या गावी पडून असतात. २०२५ च्या नोव्हेंबरात छत्तीसगढासह बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे सखोल पुनरीक्षण सुरू झाले तेव्हा पुष्कळ घरांत जुन्या याद्या प्रथमच उघडल्या गेल्या. आपले नाव कोठे आहे, हा प्रश्न अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारला असावा. तो दर वर्षी विचारण्यासारखा आहे. नाव हलविण्यासाठी अर्ज असतो. मन हलविण्यासाठी अर्ज नाही, ते काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

तेव्हा पुढील सभेनंतर खुर्च्या उचलण्यापूर्वी जो अर्धा तास मिळेल, त्यातली पंधरा मिनिटे मुंबईला द्यावीत, आणि पंधरा मिनिटे रायपूरला. पाणी केव्हा येते, धुळीचे काय झाले, वॉर्डाच्या निधीतून कोणते काम झाले, आणि ते विचारण्यास पार्षदाकडे कोण जाणार, हे विषयही रंगण्यासारखे आहेत. भोपाळ, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे हे भाषण ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यांनी आपापल्या शहराचे नाव त्यात घालावे. सप्रे आणि लाखे यांनी तसे केले म्हणून हे शहर त्यांना आपले मानते. भाषा आपण घरातून घेऊन येतो, पण नागरिकत्व दारापाशी सुरू होते. मत हा एकच शब्द आपल्या भाषेने दोन्ही गोष्टींसाठी ठेवला आहे. त्याचे दोन्ही अर्थ एकाच गावात नांदू लागले, म्हणजे त्या शब्दाचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.